मिठाचा नियम

१७ ऑगस्ट २०२५, सांगली

मिरजेच्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली. रोज चार ओळी लिहा, झोप कशी लागली, मन कसं आहे, कामात लक्ष लागतंय का. आणि म्हणाले, वही म्हणजे परकं माणूस आहे असं समजून लिहा, सगळं पहिल्यापासून सांगा. बरं बाई. सांगते.

मी पल्लवी. माहेर कुंडल, सासर सांगली. मार्केट यार्डात सासऱ्यांचं गुळाचं अडत दुकान आहे. सासरे म्हणजे जयपाल अण्णा, अख्खं यार्ड त्यांना अण्णाच म्हणतं. शेतकरी ढेपा आणून टाकतात, आम्ही त्यांची प्रत लावून सौद्याला मांडतो. अण्णांच्या शेजारी बसून गूळ चाखणारी सून यार्डात मी एकटीच. बाकीच्या दुकानांतल्या सुना घरी शेंगा सोलतात. हे मी प्रौढी म्हणून लिहितेय, कबूल.

गेल्या वर्षी माहेरी होते तेव्हा डोकं फिरलं. फिरलं म्हणजे खरंच फिरलं. झोप उडाली, भूक गेली, तोंड थांबेना. निम्म्या कुंडलला फोन लावून सांगितलं, मी साखर कारखाना काढतेय, ऊस मलाच घालायचा. आता हसू येतं. तेव्हा भावानं मला मिरजेला नेलं आणि इकडं सासूबाईंना कळवलं की टायफॉईड झालाय. तेव्हापासून गोळी चालू आहे, सकाळी एक, रात्री एक. ती थायरॉईडच्या डबीत असते. ही माझ्या नवऱ्याची, सन्मतीची अक्कल. डबीवर थायरॉईड छापलंय म्हटल्यावर कोण कशाला उघडून बघतंय?

गोळी देताना डॉक्टर बरंच काय काय सांगत होते, पाण्याचं, मिठाचं, खाण्यापिण्याचं. माझं सगळं लक्ष दाराकडं. बाहेरच्या बाकावर आपल्यातलं कुणी ओळखीचं येऊन बसलं नाही ना, तेवढंच बघत होते. सन्मती व्हय व्हय म्हणत होता, त्यानं ऐकलं असणार.

झोप चांगली. मन ठीक. डॉक्टरसाहेब, झाल्या चार ओळी.

२३ ऑगस्ट

 गणपतीमुळं गुळाला उठाव आहे, सकाळपासनं दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एका शेतकऱ्याचा गूळ मी चाखला आणि गोड म्हणून लावला. दुपारी खरेदीदार ढेप घेऊन परत आला. "वहिनी, हा गूळ हाय का मिठाचा खडा? चाखा की पुन्हा." नदीकाठच्या काही रानांत मीठ फुटलंय, त्या उसाचा गूळ खारवट येतो. हे ओळखणं हेच तर माझं काम. पुन्हा चाखला. काही कळेना. तोंडात सारखी पितळी भांडं चाटल्यासारखी चव असते, गोळी सुरू झाल्यापासनं. आधी वाटलं जाईल. गेली नाही, वाढली.

 अण्णांनी ढेप बाजूला ठेवली, तपकिरीची चिमूट ओढली आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचीच भीती वाटते. जिभेचं कळलं की गोळीचं कळणार, गोळीचं कळलं की कुंडलचं कळणार, आणि मग मला दुकानात कोण बसू देतंय? वेडी सून म्हणून माडीवर बसवतील.

२७ ऑगस्ट

उद्यापासनं पर्व बसतंय. आम्हा जैनांत भाद्रपदातले हे दहा दिवस मोठे, दशलक्षण पर्व, रोज धर्माचं एकेक लक्षण. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, चातुर्मासाला साध्वी माताजी आल्यात, त्यामुळं यंदा बायकांना जरा जास्तच चेव चढलाय. शेजारची प्रीती दहाही दिवस उपवास करणार आहे म्हणे. सकाळी आई (सासूबाईंना मी आई म्हणते) चारदा म्हणाल्या, "प्रीतीचं बघ गं. किती नाजूक पोरगी, आणि करायलीय."

मी पटकन बोलून गेले, "मीपण करते आई. एकाशन करते आणि मीठ सोडते."

एकाशन म्हणजे दिवसातनं एकदाच बसून जेवायचं, पाणीही त्याच बैठकीत. आईंचा चेहरा असा फुलला! पण खरं सांगू का, वही? माझ्या डोक्यात धर्म नव्हता. दहा दिवस तोंड बंद म्हटल्यावर गूळ चाखायचा प्रश्नच मिटला. अण्णा पण काय म्हणणार? जिभेला सुट्टी आणि वर पुण्य. आपल्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं.

२८ ऑगस्ट, उत्तम क्षमा

पहाटे बस्तीत माताजींपुढं नियम घेतला. माताजी फार शांत आहेत. त्यांनी विचारलं, "काही औषध चालू आहे का? असेल तर सांग बाई, नियम झेपेल एवढाच घ्यावा."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "थायरॉईडची गोळी घेते, दुसरं काय न्हाई."

माताजींनी माझ्याकडं बघितलं, जरा जास्त वेळच बघितलं. मी मान हलवली.

जेवण दुपारी. आईंनी माझं वेगळं केलं होतं, अळणी वरण, अळणी भाजी, तूप-भात. पहिला घास घशाखाली उतरेना. सकाळ-रात्रीच्या दोन्ही गोळ्या जेवतानाच एकदम घेतल्या, एरवी तोंडात काही घालता येत नाही ना. नियम पाळायचा म्हणजे पाळायचा.

३० ऑगस्ट, उत्तम आर्जव

आर्जव म्हणजे सरळपणा. पोटात एक, ओठात एक नको. प्रवचन ऐकताना मला उगीच खोकला आला.

दुकानात मात्र मजा आहे. अण्णा चाखतात, मी नुसती बोली लिहून घेते. शेतकऱ्यांच्या बायका पाया पडायला लागल्यात, "वैनी, तुमचं मीठ सुटलंय म्हनं." तहान फार लागते. तांब्याकडं बघत बसते. जेवताना पोटाला तडस लागेपर्यंत पाणी पिते, पण तेवढ्यानं काय होतंय?

१ सप्टेंबर, उत्तम सत्य

आज मिरजेला रक्त तपासायला जायचं होतं, डॉक्टर मधून मधून तपासतात. सन्मती म्हणाला, "पर्वात नको. बस्तीतलं कुणी तिथं भेटलं तर काय सांगणार? पर्व झाल्यावर जाऊ." पटलं मला.

मग दार लावून हळूच विचारलं त्यानं, "गोळी चुकवत न्हाईस ना?"

"दोन्ही एकदम घेते जेवताना."

"शाबास," म्हणाला आणि डोक्यावरनं हात फिरवला. सन्मती चांगला आहे. तो भितो, एवढंच. मी जेवढी भिते तेवढाच.

हाताला थोडा कंप आहे. अशक्तपणा असणार. तानुबाई आमच्याकडं भांडी घासते, तिचं लक्ष असतं सगळीकडं. "वैनी, आवं कपबशी का वाजतीया तुमच्या हातात?" मी म्हटलं, तुझ्याच हातनं चिरलीय ती बशी. हसली. मग हसायची थांबली आणि बघत राहिली.

२ सप्टेंबर, उत्तम संयम

सकाळपासनं पोट बिघडलंय. दोनदा उलटी झाली. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "शरीर शुद्ध व्हायलंय बाळा. माझ्या पहिल्या उपवासात मला पण असंच झालतं." बाळा म्हणाल्या मला! लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच. उलटी झाल्याचं दुःख कुठल्या कुठं पळालं.

दुपारी त्यांनी स्वतः माझे पाय चेपले. प्रीतीची सासू आली होती, तिच्यासमोर चेपले. मी डोळे मिटून पडले होते. वाटलं, आता काही झालं तरी हा नियम पुरा करायचा. या घरात मला अशी जागा कधी मिळाली नव्हती, गूळ चाखूनसुद्धा नाही.

उलटीत गोळ्या पडल्या की काय कळेना, म्हणून संध्याकाळी अजून एक घ्यावी का असं मनात आलं. पण नियम. घेतली नाही.

३ सप्टेंबर, उत्तम तप

दुकानाच्या पायरीवर पडले. पाय ठेवला एकीकडं आणि पडला भलतीकडंच. हमालांनी उचललं. एक म्हातारा हमाल म्हणाला, "आवं, ताईंची चाल बघा की, पिऊन आल्यागत हाय." सगळे त्याच्यावर ओरडले, तप करणाऱ्या बाईला असं बोलतोस व्हय रं म्हणून. अण्णांनी मला रिक्षात घालून घरी पाठवलं. जाताना म्हणाले, "पोरी, सोड हे. देव काय तुझ्या ताटात मीठ मोजत न्हाई."

मी म्हटलं, आता तीनच दिवस राहिलेत अण्णा. त्यांना वाटलं असेल मी हट्टी आहे. मला वाटतं, होतेच.

बोलताना जीभ जड वाटते. सन्मतीला फोनवर "लवकर या" म्हटलं तर तो म्हणाला, काय? काय? नीट बोल की.

४ सप्टेंबर

त्याग. आज बोलीचे आकडे लिहिता येईनात. दुकानातनं उरलेलं काम घरी आणलं होतं. सात लिहायला गेले, रेघ कागदाच्या बाहेर गेली. डोळ्यांपुढं पाणी आल्यासारखं दिसतंय. तानुबाई आईंना म्हणाली, "चंपाक्का, वैनीला दवाखान्यात न्या." आई म्हणाल्या, "उद्या-परवा संपतंय की. आता मधीच सोडलं तर लोक काय म्हंतील? तिलाच वाईट वाटंल." खरं आहे. मलाच वाईट वाटेल.

तानुबाई जाताना पुटपुटली, ह्याला काय तप म्हंत्यात व्हय. आगाऊ आहे.

मन कसं आहे? शांत. एवढं शांत कधीच नव्हतं. विचारच येत नाहीत. डॉक्टर खूश होतील.

५ सप्टेंबर

आकिंचन्य. माझं काही नाही.
हात लिहीत नाही. ओळ वर जातीय.
उद्या निर्जळ. पाणी पण नाही. आई म्हणाल्या नको करू एवढं. मी म्हटलं प्रीती
सन्मती रडला का? कोपऱ्यात बसला होता. म्हणाला मिरजेला जाऊया. मी नाही म्हटलं. त्यालाच बरं वाटलं, मला दिसलं.
गोळ्या घेतल्या. दोन. की तीन. गूळ आणा कुणीतरी. मी चाखते. मला कळेल आता

१० सप्टेंबर, दवाखाना, मिरज

आज पेन धरता आलं. अक्षर माझंच आहे का, असं वाटतंय.

पर्वाच्या शेवटच्या दिवशीचं मला तुकड्या-तुकड्यात आठवतं. बाकीचं तानुबाईकडनं कळलं, ती रोज येते, घासायची भांडी टाकून. बस्तीत अभिषेकाला उभी होते, तिथंच पडले आणि अंग झटके द्यायला लागलं. बायका म्हणाल्या, अंगात तपाचं तेज आलंय. माताजी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तेज नाही. हिला आधी दवाखान्यात न्या." त्यांचा आवाज कधी चढत नाही म्हणे. तेव्हा चढला.

इथं आणलं ते आठवतं. पांढरी ट्यूबलाईट, आणि आईंनी माझे दोन्ही पाय घट्ट धरलेले. तरुण डॉक्टरीण ओरडून विचारत होती, "कुठली औषधं घेतात? लवकर सांगा." सन्मतीनं खिशातनं डबी काढली. डॉक्टरिणीनं वाचलं, थायरॉईड. "एवढंच? अजून काही?"

सन्मतीनं आईंकडं बघितलं. मला त्याचा चेहरा दिसत होता.  मग म्हणाला, "एवढंच."

त्या क्षणी मला फार स्पष्ट कळलं की मी आता मरणार. आजारानं नाही, उपासानं नाही, त्या एका शब्दानं. आणि राग आला. सन्मतीचा नाही आला. माझाच आला. मीही सगळीकडं हाच शब्द पुढं करत आले होते की. माताजींपुढंसुद्धा.

मी डॉक्टरिणीचा कोट धरला. जीभ दगड झाली होती. म्हटलं, "लि." तिला कळेना. "लि. थि." आई म्हणाल्या, "काय म्हणतीया ती? पाणी मागतीया का?" मी सगळा जीव गोळा केला आणि म्हटलं, "डोक्याची गोळी. लिथियम. वेडाची." वेडाची म्हणायची गरज नव्हती, पण म्हणाले. सगळ्यांना कळू दे म्हणून म्हणाले.

डॉक्टरीण पळाली. माझ्या पायांवरचे आईंचे हात सुटले, तेवढं आठवतं. पुढचं काही आठवत नाही.

आमचे नेहमीचे डॉक्टर नंतर आले. रागावले नाहीत, ते बरं झालं, मी रडले असते. म्हणाले, ही गोळी म्हणजे एक प्रकारचं मीठच आहे. जेवणातलं मीठ मिळेनासं झालं की शरीर हिलाच धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. त्यात पाणी कमी, उलट्या, जुलाब. मग तिचं विष होतं. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," म्हणाले, "मीठ आणि पाणी कधी तोडायचं नाही." आणि सन्मती? तो भिंतीकडं बघत होता. म्हणजे त्यानंही ऐकलं नव्हतं. तोही दाराकडंच बघत होता.

मशीनवर रक्त धुतलं. हाताला बाटल्या लावल्यात. परिचारिका म्हणाली, हे काय, मिठाचं पाणीच आहे. मला हसू आलं, ती दचकली.

मूत्रपिंडाचं अजून सांगता येत नाही म्हणतात. बघावं लागेल.

११ सप्टेंबर

आई येत नाहीत. त्या दिवशी हात सोडला तो सोडलाच. सोमवारी क्षमावाणी होती, पर्व संपल्यावर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. मोबाईलवर दीडशे लोकांची उत्तम क्षमा आलीय, आईंची नाही.

सन्मती व्हरांड्यात फोनवर कुणाला तरी सांगत होता, "व्हायरल होतं हो. हो हो, उपासामुळं जरा जास्त झालं." आत आला तेव्हा मी नुसती बघत राहिले. खाली मान घालून म्हणाला, "हळूहळू सांगतो की लोकांना. एकदम कसं सांगू?"  मला एक वर्ष लागलं, त्याला पाचच दिवस झालेत.

अण्णा आले. काठी टेकून बसले. मी म्हटलं, अण्णा, माझी जीभ गेलीय, गोळीनं. कधीपासनंच गेलीय. गूळ कळत नाही मला. आता दुकानात कशी बसू?

अण्णांनी खिशातनं तपकिरीची डबी काढली. मग म्हणाले, "तपकिरीनं माझी जीभ कवाच मेली. तुझ्या लग्नाच्या आधीच. मी रंग बघतो, खडा फोडून बघतो, वास घेतो. तोंडात टाकतो ते लोकांसाठी. तुला काय वाटलं, चाखून सांगतोय?"

 म्हणजे वर्षभर आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून एकमेकांना फसवत होतो.

"त्या दिवशी ढेप परत आली तवा मी घाबरलो," म्हणाले, "मला वाटलं, आता तू मला चाखायला लावशील."

२१ सप्टेंबर, सांगली

घरी आले. गोळी पुन्हा सुरू झालीय, कमी करून, दुपारी एकच, दर आठवड्याला रक्त तपासायचं. मूत्रपिंडाचं अजून तसंच. भीती गेलेली नाही, रात्री अंथरुणावर पडले की बस्तीतली ती फरशी आठवते.

आई स्वयंपाकघरातनं बाहेर आल्या नाहीत. मी खोलीत, त्या तिथं. घरात भांड्यांचा तेवढा आवाज. मनात म्हटलं, झालं, आता माडी.

अकराच्या सुमाराला प्रीतीची सासू आली, बस्तीतल्या आणखी दोघी घेऊन. तप करणाऱ्यांचा सत्कार झाला होता, माझी शाल आणि श्रीफळ द्यायला. "चंपाबाई, सून तुमची भाग्याची. देहाची पर्वा केली न्हाई बघा."

आईंनी शाल हातात घेतली नाही. म्हणाल्या, "परत न्या. तिचा नियम मोडलाय."

"आवं, शेवटच्या दिवशी पडली, त्यात काय..."

"न्हाई. मिठाच्या पाण्याच्या बाटल्या चढवल्यात तिला. मोडलाय."  मी दाराआड उभी होते. "तिला मनाचा आजार हाय. वर्ष झालं. त्याची गोळी चालू हाय. तिनं मीठ सोडायचं नसतंय. आमाला म्हाईत नव्हतं. आता म्हाईत हाय, तुमाला पण म्हाईत असू दे. पुढच्या वर्षी कुणी तिला नियम घे म्हनू नका."

बायका चहा न घेता गेल्या. जिन्यात त्यांची कुजबुज सुरू झाली, ती खालपर्यंत ऐकू आली. संध्याकाळपर्यंत सांगलीभर होणार. सन्मती डोकं धरून बसला.

मग आई माझ्याकडं वळल्या.  "मला सांगितलं असतंस तर मी मीठ सोडू दिलं असतं का गं? पाय चेपत होतो मी तुझे. मरायलीस तू आणि मी पाय चेपत होतो!" आणि रडायला लागल्या, पदर तोंडात कोंबून. मी जवळ गेले तर हात झटकला. क्षमा मागितली नाही, मलाही मागू दिली नाही. मला घाबरतात का, हे कळत नाही. थोडं घाबरतात, असं वाटतं.

दुपारी पानं मांडली. आईंनी माझ्या ताटात सगळ्यात आधी मीठ वाढलं, डाव्या कोपऱ्यात, पहिल्यांदा वाढतात तसं. शेजारी गोळी ठेवली. थायरॉईडच्या डबीतनं नाही, तिच्या स्वतःच्या पाकिटातनं काढून, नाव वर करून. मग तांब्याभर पाणी ठेवलं आणि समोर बसून राहिल्या. त्यांनी स्वतःचं ताट घेतलं नव्हतं.

मी मिठाला बोट लावलं आणि चाखलं. खारट लागलं.